टर्बो गेला म्हणाले, निघाला फाटका पाइप : टर्बो गाडीवाल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी.

गाडी घेऊन पावणेचार वर्षं झाली. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), मॅन्युअल गिअर, ४३,००० किलोमीटर झालेत. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही टर्बो गाडीत होऊ शकतं आणि मला कंपन्यांचं भांडण नको आहे.

मागच्या महिन्यात आईला ओंकारेश्वरला दर्शनाला नेलं होतं. जाताना काहीच त्रास नाही. परतताना मोरटक्क्याचा पूल झाला, बडवाह झालं, बलवाडा मागे पडलं आणि भेरूघाट लागताच गाडीनं दम सोडला. तिसऱ्या गिअरवर पाय पूर्ण दाबला तरी गाडी ओढेना, २,५०० आरपीएमच्या पुढे काटा जाईना. बोनेटखालून 'सुस्स' असा आवाज, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा. मागे ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न, रस्त्याच्या कामाची धूळ. आई मागच्या सीटवर रामरक्षा म्हणायला लागली. चारही इंडिकेटर लावून, दुसऱ्या गिअरवर, डाव्या कडेनं कसंबसं सिमरोल गाठलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. स्कॅनर लावला, कोड आला पी-०२९९. पाच मिनिटांत निकाल, "सर, टर्बो गया." एस्टिमेट हातात : टर्बो असेंब्ली, गॅस्केट, ऑइल, कूलंट, मजुरी मिळून १ लाख १८ हजार. वॉरंटी संपून नऊ महिने झालेले, वाढीव वॉरंटी घेतलेली नव्हती. मी विचारलं, टर्बो उघडून पाहिलात का? तर म्हणे कोडच आलाय, उघडायचं काय.

घरी येऊन रात्रभर वाचत बसलो. पी-०२९९ चा अर्थ एवढाच की इंजिनाच्या कॉम्प्युटरनं हवेचा जितका दाब मागितला तितका मिळाला नाही. का मिळाला नाही, हे तो कोड सांगत नाही. थर्मामीटर ताप दाखवतो, टायफॉइड की मलेरिया हे नाही सांगत.

मग गाडी आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. साठीच्या पुढचे गृहस्थ आहेत, परदेशीपुऱ्यात छोटं गॅरेज. त्यांनी एअर फिल्टरचा डबा काढला, टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढला आणि आतल्या पंख्याला दोन बोटांनी धरलं. पंखा फिरवला, सुळकन फिरला. वर-खाली हलवला, किंचित हलला. पुढे-मागे ओढून पाहिला, अजिबात नाही. पंख्याच्या पात्यांवर बॅटरी मारून मलाही दाखवलं, सगळ्या कडा धारदार, कुठे खरचटलेलं नाही. म्हणाले, "इतना तो हिलना ही चाहिए भिया, तेल का प्रेशर आएगा तो बैठ जाएगा. टर्बो आपका चंगा है." मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) सगळा मार्ग एका टोकाला बंद करून दुसरीकडून हलकी हवा सोडली आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडत गेले. इंटरकूलरकडे जाणाऱ्या खालच्या रबरी पाइपवर, क्लॅम्पच्या अगदी शेजारी, बुडबुडे. पाइप काढून वाकवला तेव्हा चीर उघडली, माझ्या बोटाच्या पेराएवढी. वरून पाहिलं तर दिसतच नाही. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते, घाटात दाब आला की उघडते आणि सगळी हवा बाहेर.

नवीन पाइप, दोन क्लॅम्प, मजुरी : ४,१०० रुपये. कोड पुसला, तेव्हापासून परत आला नाही.

१ लाख १८ हजार आणि ४,१००. माझ्यासारख्या पगारदार माणसाला हा फरक वर्षभराच्या शाळेच्या फीचा आहे. म्हणून हा धागा. माझं म्हणणं एकच आहे : टर्बो आपण होऊन क्वचित मरतो. आधी पाइप, फिल्टर, तेल आणि सेन्सर तपासल्याशिवाय टर्बो बदलायच्या कागदावर सही करू नका. ज्यांना असा किंवा दुसरा काही अनुभव आला असेल त्यांनी लिहा, वाईट अनुभवही लिहा.

---

सुदामानगर

अगदी हाच कोड, दोन वर्षांपूर्वी. माझ्या गाडीत वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोकडे जाणारा धूर कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, दांडा गंजून जाम झाला होता. अर्ध्या दिवसाचं काम. मलाही आधी टर्बोच सांगितला होता. हे इतक्या सहज कसं सांगतात कळत नाही.

---

पिथमपूर_निवृत्त

रामबागकर, तुमच्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे बोटानं पाहिलं ते बरोबर पाहिलं. मी पिथमपूरला एकतीस वर्षं इंजिन असेंब्लीवर काढली, त्या आधारे थोडं सविस्तर लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

टर्बो म्हणजे एका दांड्यावर दोन पंखे. एक सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरानं फिरतो, दुसरा त्याच्याबरोबर फिरून ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची ही युक्ती जुनी आहे, आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आज आपल्या लहान गाड्यांत ती आली त्यामागे कराचा हिशोबही आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत असेल तर गाडी लहान धरली जाते आणि कर कमी लागतो. मग हजार-बाराशे सीसीतून दीड लिटरची ताकद काढायची तर टर्बो लावावाच लागतो.

आता तो दांडा. तुमचं इंजिन ३,००० फेरे घेत असतं तेव्हा लहान टर्बोचा दांडा लाखाच्या वर फिरत असतो, पूर्ण जोरात दोन लाखांच्या आसपास. पेट्रोल गाडीत एका बाजूला ९०० अंशांच्या घरातला धूर आणि चार बोटांवर दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. बहुतेक टर्बोंत बॉल बेअरिंग नसतं. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणूनच इंजिन बंद असताना तो वर-खाली किंचित हलतो, ती खराबी नव्हे. पण पुढे-मागे जाणवण्याइतका हलला, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र टर्बो संपला.

म्हणजे टर्बोचा जीव तेलात. तेल काळं, घट्ट किंवा कमी झालं की पहिला बळी त्याचा. मॅन्युअलमध्ये १०,००० किंवा १५,००० किलोमीटर लिहिलेलं असतं, पण त्याच मॅन्युअलमध्ये मागे बारीक अक्षरात 'कठीण वापर' असा एक तक्ता असतो. छोट्या फेऱ्या, सिग्नलला उभं राहणं, धूळ, उष्णता. इंदूरच्या जवाहर मार्गावरच्या गर्दीत रोज गाडी काढणारा माणूस आणि आपला मे महिना, दोन्ही त्या तक्त्यात बसतात. मी माझ्या मुलाच्या गाडीचं ऑइल ७,००० ला बदलून घेतो, किंवा वर्ष झालं की, जे आधी होईल ते. आणि तेल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच. ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर "अपने यहाँ गर्मी है, मोटा डाल दो" हे ऐकू नका. त्या इंजिनाचा तेलपंप आणि तेलाच्या वाटा पातळ तेल धरून बनवलेल्या असतात.

दुसरं, घाट चढून किंवा बायपासवर शंभरनं आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. तेल थांबतं आणि टर्बोत अडकलेलं तेल तिथल्या उष्णतेनं जळून कोळसा धरतं. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही कूलंट फिरवणारा विजेचा छोटा पंप असतो, त्यामुळे पूर्वीइतकी भीती नाही. तरी शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायानं चालवा, अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवा. शहरात हळू चालवून आलात तर याची गरज नाही.

तिसरं आणि याबद्दल कुणी बोलत नाही. पाचव्या गिअरवर १,३०० आरपीएमवर गाडी चालली आहे, पुढचा ट्रक ओलांडायचा आहे, आणि गिअर न उतरवता पाय पूर्ण दाबला. लहान टर्बो पेट्रोलला ही सवय फार घातक. कमी आरपीएमवर जास्त दाब आला की तेलाचा थेंब किंवा काजळीचा कण प्लगच्या आधीच आग लावतो. 'टण्' असा एकच जाड आवाज येतो. असे चार-दोन धक्के पिस्टनची रिंग किंवा कड फोडू शकतात. यासाठीच तेलाचे नियम बदलले, २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी हे तेलाचे नवे दर्जे आले. तेव्हा डब्यावर एसपी आहे का ते वाचा, आणि ओव्हरटेक करायचं तर आधी एक गिअर उतरवा.

बाकी आमच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झाला. गाड्यांना तासन्‌तास पूर्ण वेगात पळवून तपासतात. सरळ रस्त्यावर पळून टर्बो मरत नाही हो. तो मरतो दुर्लक्षानं.

---

रामबाग_इंदूर

काका, तुमचा प्रतिसाद छापून गाडीच्या कप्प्यात ठेवतोय. 'टण्' आवाज मी दोनदा ऐकलाय, बायकोला म्हटलं होतं खडा उडाला असेल. आजपासून गिअर उतरवणार.

---

लष्कर_ग्वाल्हेर

इथे थोडं वेगळं मत नोंदवतो, राग मानू नये. टर्बो खरंच जातो. माझा गेला.

मी गाडी सेकंड हँड घेतली, डिझेल, ६८,००० किलोमीटर झालेली. आधीच्या मालकानं सर्व्हिस बुक हरवलं म्हणून सांगितलं आणि मी मान्य केलं. ही माझी चूक. दीड महिन्यात सकाळी चालू केली की मागून निळा धूर. दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल गायब. मग एक दिवस झाशी रोडवर सायरनसारखा आवाज वाढत गेला आणि ताकद संपली.

टर्बो बदलला. तीन हजार किलोमीटरमध्ये नवीन टर्बोही गेला.

दुसऱ्या वेळी वेगळ्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं इंजिनाकडून टर्बोला तेल नेणारी बारीक नळी काढली. पेन्सिलीपेक्षा बारीक नळी, आणि तिच्या टोकाच्या पोकळ बोल्टमध्ये काळा, कडक गाळ. त्यानं सुईनं टोचून माझ्या तळहातावर काढला, जळलेल्या गुळासारखा दिसत होता. नवीन टर्बोला पहिल्या दिवसापासून तेलच पुरेसं मिळत नव्हतं. ऑइल पॅन खोलला तर तळाला तोच गाळ. आधीच्या मालकानं कितीतरी हजार किलोमीटर तेल बदललंच नसणार.

तर ज्यांचा टर्बो खरंच बदलावा लागतोय त्यांच्यासाठी : तेलाची नळी आणि तिचे बोल्ट नवे घाला. परतीची नळी साफ करा. ऑइल पॅन आणि गाळणी पाहा. इंटरकूलर उतरवून धुऊन घ्या, त्यात जुन्या टर्बोचं तेल आणि कधीकधी पात्यांचे तुकडे असतात. आणि नवीन टर्बो चालू करण्याआधी त्यात हातानं तेल घालून, इंजिन चालू न करता नुसतं स्टार्टरनं फिरवून तेल वर आणायला लावा. जुना का मेला हे शोधल्याशिवाय नवा बसवणं म्हणजे त्यालाही मारणं. मी दोन टर्बोंचे पैसे भरून हे शिकलो, तुम्ही फुकट घ्या.

---

रामबाग_इंदूर

लष्करदादा, राग कसला. हाच अनुभव हवा होता.

---

महूची_मी

धागा वाचून लिहायचा धीर आला.

आमची डिझेल आहे, बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची), अडीच वर्षं. यजमान बाहेरगावी असतात, गाडी मीच चालवते. मुलांची शाळा तीन किलोमीटर, बाजार दोन किलोमीटर, रविवारी देऊळ. महिन्याला चारशे किलोमीटरही होत नाहीत. सहा महिन्यांपासून डीपीएफचा, म्हणजे धुराच्या फिल्टरचा, दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये नेली की लॅपटॉप लावून अर्धा तास जोरात रेस देऊन दिवा घालवतात, दर वेळी पैसे, आणि दीड महिन्यात परत. तिसऱ्या वेळी म्हणाले की फिल्टरच बदला, ऐंशी हजार. घरी सगळे म्हणतात बाईमाणसाला गाडी नीट चालवता येत नाही म्हणून असं होतं. मला हे फार लागलं.

आणि एक विचारायचं होतं. मी परवा डिपस्टिक काढून पाहिली तर तेल वरच्या खुणेच्याही वर आहे, चांगलं बोटभर. मी तर घातलं नाही. वास डिझेलसारखा येतो. हे काय?

---

पिथमपूर_निवृत्त

ताई, पहिली गोष्ट : तुमच्या चालवण्यात काही चूक नाही. तुमचा रस्ता छोटा आहे, एवढंच. हेच घरातल्या मंडळींना वाचून दाखवा.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी बसवावी लागली, तीच डीपीएफ. ती भरत जाते आणि मध्येमध्ये ती काजळी आतल्या आत जाळावी लागते. त्यासाठी जाळीत साधारण ६०० अंश तापमान लागतं. लांबच्या रस्त्यावर ते सहज होतं. तीन किलोमीटरमध्ये इंजिन धड गरमही होत नाही. मग कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून आग वाढवायचा प्रयत्न करतो, आणि तेवढ्यात शाळा येते, तुम्ही किल्ली काढता. काम अर्धवट. असं दहा वेळा झालं की जाळी भरते, आणि ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळतं. तुमचं तेल वाढलं ते यामुळे.

हे वाढलेलं तेल दुर्लक्षू नका. पातळ तेलात टर्बोचं बेअरिंग टिकत नाही, आणि पातळी फारच वर गेली तर इंजिन ते तेलच जाळायला लागू शकतं. गाडी लांब नेऊ नका, आधी तेल आणि ऑइल फिल्टर बदला. तेल कमी राखेचंच हवं, डब्यावर एसीईए सी-३ किंवा तुमच्या मॅन्युअलमध्ये जे सी-अक्षराचं लिहिलं असेल ते. साध्या डिझेल तेलाची राख जाळीत कायमची बसते, ती जळत नाही.

मग दर आठवड्या-दहा दिवसांनी एकदा गाडी गरम झाल्यावर राऊहून बायपासवर मांगलियापर्यंत जा आणि परत या. साठ-सत्तरचा वेग, एक गिअर खाली, काटा २,००० च्या वर, न थांबता वीस-पंचवीस मिनिटं. उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा थोडा वर आहे, पंखा जोरात फिरतोय, तापलेल्या लोखंडासारखा वास येतोय, म्हणजे आत काजळी जळते आहे. तेव्हा किल्ली काढू नका, एक फेरी आणखी मारा. फिल्टर बदलायची घाई नको. आधी त्यांच्याकडून जाळीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक आणि राखेचा आकडा लिहून मागा. स्कॅनरमध्ये दिसतो. काजळी जळते, राख नाही. अडीच वर्षांत आणि एवढ्या कमी किलोमीटरमध्ये राखेनं जाळी भरणार नाही. आणि दाबाच्या सेन्सरच्या दोन बारीक रबरी नळ्या असतात, त्या चिरल्या किंवा चोक झाल्या तरी हाच दिवा लागतो.

---

बडोदेवाली

महूताई, घरच्यांचं मनावर घेऊ नका, माझ्या सासऱ्यांच्या गाडीचंही हेच झालं होतं आणि ते चाळीस वर्षं गाडी चालवतात.

माझी गाडी टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, ड्राय क्लचवाली डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). नवरात्रात अलकापुरीकडून घरी यायला दीड तास लागला, गाडी मुंगीच्या पावलांनी. मीटरवर 'गिअरबॉक्स गरम' असा इशारा आणि मग गाडीच पुढे जाईना. टर्बोशी याचा संबंध नसला तरी टर्बो आणि डीसीटी हल्ली बरोबरच येतात, म्हणून लिहिते. ड्राय क्लच तेलात बुडालेला नसतो, त्यामुळे घासला की तापतो. आता मी पुढच्या गाडीच्या मागे इंच इंच सरकत नाही. चार-पाच मीटर जागा होऊ देते, मग एकदम ब्रेक सोडून पुढे जाते. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी रोखून धरत नाही, ब्रेकच. सिग्नलला बराच वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रल. दोन वर्षांत परत इशारा आला नाही.

---

विजयनगर_२६

काका, माझ्या १.२ टर्बोला रीमॅप करायचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवायचा विचार आहे. एक ट्यूनर म्हणतो २५ बीएचपी वाढतील, आणि तेलाचा खर्चही वाढणार नाही. करू का?

---

पिथमपूर_निवृत्त

नको रे बाबा. वॉरंटीत आहेस का? ती जाईल. आणि बीएचपी हवेच्या दाबातूनच वाढते, म्हणजे टर्बो आणखी वेगानं, धूर आणखी गरम, क्लचवर जास्त ताण. कंपनीनं जी थोडी सवलत हातची ठेवलेली असते ती आपल्या उन्हासाठी आणि पंपावरच्या पेट्रोलसाठी असते. ती तू खर्च करून टाकशील. नवे टायर घे, जास्त आनंद मिळेल.

---

सुदामानगर

एक प्रश्न. २०२१ ची टर्बो पेट्रोल आहे. ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आल्यापासून अ‍ॅव्हरेज कमी झालंय. टर्बोला धोका आहे का?

---

रामबाग_इंदूर

मी यावर बरंच वाचलं, म्हणून लिहितो. इथेनॉलमध्ये एका लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. पण त्याचं ऑक्टेन जास्त आहे आणि त्याची वाफ होताना ते सिलिंडरला गारवा देतं, त्यामुळे टर्बो इंजिनात 'खडखड' कमी होते. म्हणजे टर्बोला त्यातून वेगळा धोका नाही. प्रश्न रबराच्या नळ्या, सील आणि टाकीच्या पंपाचा आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्या दृष्टीनं ई-२० साठी बनवलेल्या आहेत. तुमची त्याआधीची आहे, तर इंधनाच्या झाकणावरचं लेबल आणि मॅन्युअल पाहा, आणि दर सर्व्हिसला नळ्या दाखवून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

---

तिलकनगर_आजोबा

एक भर घालतो. ७२,००० किलोमीटरनंतर माझी गाडी सकाळी चालू केल्यावर मिनिटभर थरथरायची. प्लग बदलले, कॉइल बदलली, इंजेक्टर क्लिनरच्या तीन बाटल्या टाकीत ओतल्या, काही फरक नाही. शेवटी एकानं इनटेक मॅनिफोल्ड उघडून दाखवलं. व्हॉल्व्हच्या दांड्यावर डांबर साचावं तसा थर. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. मग टाकीतल्या बाटलीचं औषध तिथे पोचणार कसं? अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या झोतानं मारून साफ केलं. त्या दिवसापासून इंजिन घड्याळासारखं. तेव्हा बाटल्या विकत घ्यायच्या आधी आपली गाडी डायरेक्ट इंजेक्शनची आहे की पोर्ट इंजेक्शनची, एवढं विचारून घ्या. पोर्टवाल्या टर्बो गाड्याही बाजारात आहेत, त्यांना हा त्रास फारसा नाही.

प्लगचं आठवलं म्हणून : टर्बोला प्लगची फट कमी लागते. दुकानदारानं "सेम ही है" म्हणून दुसऱ्या गाडीचा प्लग दिला तर चढावर गाडी झटके देते. नंबर जुळवूनच घ्या.

---

सुदामानगर

रामबागकर आणि आजोबा, दोघांचेही आभार. माझीही डायरेक्ट इंजेक्शन निघाली.

---

रामबाग_इंदूर

दीड आठवड्यानंतर लिहितोय. काल परत भेरूघाट चढलो, आई, बायको, मुलं आणि डिकीत नर्मदेच्या पाण्याचे दोन कॅन. तिसऱ्या गिअरवर, काटा ३,०००, गाडी न कुरकुरता वर आली. मी रेडिओ बंद करून कान देऊन चालवत होतो, आईनं विचारलं काय ऐकतोस. सिमरोलला चहासाठी थांबलो तेव्हा मिनिटभर इंजिन चालू ठेवलं, काका.

आज सकाळी सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन जुना पाइप मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. वाद घातला नाही. चीर उघडून दाखवली आणि सांगितलं, तुमच्या माणसाला कोड वाचल्यावर साबणाचं पाणीही मारायला शिकवा. त्यांनी माफी मागितली आणि तपासणीचे पैसे परत केले. पाइपचा फोटो त्यांनी काढून घेतला.

महूताई, तुमचं काय झालं? सगळे वाट पाहताहेत.

---

महूची_मी

उशीर झाला लिहायला. तेल बदललं. जुनं तेल काढलं तेव्हा मी तिथेच उभी होते, पाण्यासारखं पातळ, मिस्त्रीनं दोन बोटांत घेतलं तर चिकटेचना. दाबाच्या सेन्सरची एक नळी खरंच चिरलेली निघाली, ३२० रुपये. राखेचा आकडा लिहून मागितला तर आधी टाळलं, मग दिला, अगदी कमी आहे. फिल्टरचं नाव परत काढलं नाही.

दोन रविवार मुलांना घेऊन राऊहून मांगलियापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या रविवारी परतताना दिवा गेला. मुलगी पुढच्या सीटवर होती, तिनंच आधी पाहिलं. डिपस्टिक दर शनिवारी पाहते, तेल खुणेवर आहे. यजमान सुट्टीवर आलेत, त्यांना आज डिपस्टिक कशी पाहायची ते मी दाखवलं.